सीमावर्ती भूमिस्वामी

पांढुर्णा, ९ जानेवारी २०२५

चि. पूनमला,

आशीर्वाद लिहायचा की नाही यात अर्धा तास गेला. मोठी आहे म्हणून लिहिते. आशीर्वाद.

काल दुपारी पोस्टमन दुकानात आला आणि रजिस्टर डाक आहे म्हणून माझी सही मागितली. तुझे भाऊजी गिऱ्हाइकाला हरभऱ्याच्या अळीचं औषध समजावून सांगत होते. मला वाटलं बँकेचं काही असेल. उघडलं तर हिंदीत टाइप केलेला कागद, वर लिहिलेलं: ‘श्रीमती सुचिता पत्नी हेमराज, सीमावर्ती भूमिस्वामी’. खाली मजकूर असा, की अर्जदार श्रीमती पूनम पत्नी अनिल हिला लोधीखेड्याच्या रस्त्यावरच्या आपल्या दोन एकरांत लग्नाचं लॉन बांधायचं आहे, त्यासाठी शेतीची जमीन बिनशेती करून मागितली आहे, कोणाची आपत्ती, म्हणजे हरकत, असेल तर पंधरा दिवसांत कळवावी, आणि न कळवल्यास सहमती समजली जाईल.

पूनम, मी तुझी सीमावर्ती कधीपासून झाले? एका आईच्या पोटची, एका ताटात जेवलेली. तू सहा वर्षांची असताना तुझ्या वेण्या मी घालायची. आता पोस्टमन येऊन सांगतो की मी तुझ्या हद्दीला लागून आहे.

बाबा विहीर खोदायला निघाले होते ते तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. चारही बाजूंच्या धुरेकऱ्यांना आधी घरी बोलावलं होतं. चहा झाला, मग सगळे शेतात गेले, धुऱ्यावर नारळ फुटला आणि पहिली कुदळ धुरेकऱ्याच्या हातानं पडली. बाबा म्हणायचे, "ज्याच्या बांधाले आपला बांध लागून हाय, त्याचा हात आंधी. मंग काई वांधा राहत नाही." तू मला नारळाऐवजी पावती पाठवलीस.

आणि लॉन. छानच. रस्ता रुंद झाला, सगळं तुझ्या दारात आलं. चौदा वर्षांपूर्वी बाबांनी मला विचारलं होतं, "सुचे, तू मोठी, तू आंधी बोल. रोडाकडचं घेतं का विहिरीकडचं?" तेव्हा त्या रस्त्यानं दिवसाला चार बैलगाड्या जायच्या. मी म्हटलं, विहिरीकडचं. माझ्याच तोंडानं म्हटलं, त्यामुळे कोणावर रागावताही येत नाही. तुझ्या वाट्याला आपोआप आलं आणि आता त्याचंच सोनं झालं. तुला नेहमी लाभतं. मला कमवावं लागतं.

सही केलेली नाही. पंधरा दिवस आहेत ना, विचार करते.

सुचिता


सौंसर, १५ जानेवारी २०२५

ती. ताईस,

नमस्कार. पाच दिवस झाले फोन करते आहे, तू उचलत नाहीस. भाऊजी उचलतात आणि "पूजेत हाय थे" म्हणतात. इतकी पूजा तू कधी केली नाहीस. म्हणून पत्र.

चूक माझी आहे. ऑफिसातल्या बाबूनं सांगितलं की हद्दीला लागून असलेल्या प्रत्येकाला रजिस्टर डाकेनं कळवा आणि पावती फाइलला लावा. कुलदीपनं चार नावं टाइप केली, चार पाकिटं केली, पोस्टात टाकून आला. मी त्याला म्हटलं होतं की मोठ्या मावशीचं पाकीट माझ्याजवळ ठेव, मी स्वतः घेऊन जाते. तो म्हणाला, "आई, मावशीले काय फॉर्मालिटी लागते?" तोवर पाकीट गेलं होतं. मी त्याच दिवशी निघायला हवं होतं. निघाले नाही. तू काय म्हणशील याची भीती वाटली, हे खरं.

लॉन कशासाठी हेही सांगते. माझी संत्र्याची झाडं गेल्या उन्हाळ्यात संपली, एकशेचाळीसच्या एकशेचाळीस. तू दसऱ्याला आलीस तेव्हा खुंटं पाहिलीस. कोरड्या जमिनीत आता कापूसही धड होत नाही. त्या रस्त्याशिवाय माझ्याकडे दुसरं काही नाही ताई. पुढच्या हंगामाच्या आत परवानगी मिळाली तर कुलदीपला नागपूरला नोकरी शोधत फिरावं लागणार नाही. नाही मिळाली तर जमीन विकावी लागेल, आणि बाबांच्या जमिनीत तिसरा माणूस येईल.

तुझी विहीर, तुझी झाडं, तुझ्या शेतात जायची वाट, कशालाही हात लागणार नाही. नकाशात दहा फूट वाट सोडली आहे. सोबतच्या कागदावर फक्त सही कर. धुरेकऱ्यांची सही असली तर मोजणीबिजणी होत नाही, काम सरळ होतं. मोजणीच्या भानगडीत आपण दोघींनी पडायला नको.

तिळाचे लाडू कुलदीपच्या हाती पाठवते आहे. गोड बोल म्हणत नाही, पण फोन तरी उचल.

तुझी,
पूनम


पांढुर्णा, २२ जानेवारी २०२५

पूनम,

लाडू मिळाले. गूळ जास्त झाला आहे.

कुलदीप उंच झालाय. तासभर बसला आणि लॉनबद्दल अवाक्षर काढलं नाही, म्हणजे घरून पढवून पाठवलेला. पण मला कळायचं ते कळतंच. माझ्या शेतावरची देवकाबाई रविवारी संत्री घेऊन आली होती. म्हणाली, "बाई, थे तं मोठ्ठं गेट लावून राहिले रोडावर. फवारा बी हाय म्हंते. अन् गेटावर नाव, पूनम लॉन." मी विचारलं, अक्षरं केवढी? तिनं दोन्ही हात पसरून दाखवली.

खोटं कशाला लिहू, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझ्या नावाची पाटी उभ्या जन्मात कुठे लागली नाही. दुकानावर भाऊजींच्या वडिलांचं नाव. घरावर भाऊजींचं. झाडांवर नावं नसतात. आणि तू नागपूरच्या रस्त्यावर, बसमधून वाचता येईल एवढ्या अक्षरांत.

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा मी मुद्दाम तुला फोन केला होता. म्हटलं, आता कलेक्टर आमच्या गावात बसणार, सौंसरवाल्यांनी आमच्याकडे यायचं. मला वाटलं, थोडी तरी जळशील. तू म्हणालीस, "बरं झालं ताई, आता कामं लवकर होतील." तुला जळताही येत नाही. त्याचाही मला राग येतो.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ‘मोजणीच्या भानगडीत पडायला नको.’ का गं? मोजणीला भिऊन कोण असतं? ज्याचा पाय दुसऱ्याच्या बांधात असतो तो. तुझं ते दहा फूट वाट सोडणं, फक्त सही कर म्हणणं, लाडू पाठवणं, सगळं आता लक्षात आलं. लॉनची भिंत माझ्या हद्दीत येते आहे, खरं ना?

भाऊजी म्हणाले, "बहीण हाय तुई. कायले कागदं करतं?" मी त्यांना म्हटलं, कागद आधी तिनं केला.

काल आपत्ती दाखल केली. कारण लिहिलं: हद्द स्पष्ट नाही, मोजणी करावी. पोच घेतली आहे.

सुचिता


सौंसर, २७ जानेवारी २०२५

ताई,

आपत्ती मागे घे. पाया पडते. अजून पटवाऱ्याला तारीख मिळालेली नाही, तोवर होऊ शकतं.

मी तुझ्या हद्दीत एक वीतही आलेली नाही, कुलदीपच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. भिंत हवी तर आणखी दहा फूट मागे घेते. गेटावरचं नाव नको असेल तर बाबांचं लावते, मोतीराम लॉन. पण मोजणी नको. कारण विचारू नकोस. सांगता आलं असतं तर दोन वर्षांपूर्वीच सांगितलं असतं.

पूनम


पांढुर्णा, २ फेब्रुवारी २०२५

पूनम,

चोराच्या मनात चांदणं. आतापर्यंत मला शंका होती, तुझ्या पत्रानं खात्री झाली.

बाबांचं नाव मध्ये आणू नकोस. ते असते तर त्यांनी स्वतः साखळी धरली असती.

मोजणीची तारीख मिळाली आहे, १८ फेब्रुवारी, सकाळी अकरा. मी येते. माझ्या विहिरीजवळ उभी राहीन, तिथून सगळं नीट दिसतं.

सुचिता


सौंसर, २० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

नमस्कार. परवापासून तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं.

पटवाऱ्यानं चुन्याची रेघ ओढत आणली तेव्हा तू विहिरीच्या काठावर हात ठेवून उभी होतीस. रेघ बाबांनी वाटणीत रोवलेल्या दगडांजवळून जाईल असं तुला वाटत होतं. ती तुझ्या पाठीमागून गेली. पटवारी म्हणाला, "बाई, विहीर तं इकडं, पूनमबाईकडं येऊन राहिली. अख्खी, अन् वर चार फूट." तू काठावरचा हात काढून घेतलास, आपलं नसलेलं भांडं खाली ठेवावं तसा. मग कोठ्यात गेलीस, मोटर बंद केलीस आणि बसस्टँडकडे चालायला लागलीस. मी हाक मारली. तू ऐकलीस, मला माहीत आहे.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तर सगळंच सांगते.

बाबांनी वाटणी डोळ्याच्या अंदाजानं केली. दगड वाकडे रोवले, कागदावरची रेघ सरळ निघाली. ना त्यांना कळलं, ना तुला, ना मला. दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला मोजणी आली तेव्हा याच पटवाऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं. तेव्हा माझी झाडं पिवळी पडायला लागली होती. हे म्हणाले, "सांगून टाक ना व. विहीर आपली हाय, दोन मैन्याचं पाणी घेतलं तं झाडं वाचते." मी नाही म्हटलं. एकशेचाळीस झाडं डोळ्यांसमोर वाळू दिली. ह्यांना वाटतं माझं मन फार मोठं आहे.

ताई, मन मोठं नाही. तूच लिहिलंस ना की मला जळता येत नाही. मी जळतच आले आहे, फक्त धूर दिसू दिला नाही.

बाबांनी तुला विचारलं, रस्ता की विहीर. मला कोणी काही विचारलं नाही. तू निवडलंस आणि उरलं ते माझं. लग्नाच्या वेळी आईच्या दागिन्यांत तसंच झालं, शाळेत सायकल आली तेव्हाही तसंच. तू नेहमी म्हणतेस की मला आपोआप मिळतं. मला नेहमी तुझ्यानंतरचं मिळतं. तुझा बहर चांगला धरला की तू फोनवर झाडागणिक सांगायचीस, आणि शेवटी म्हणायचीस, "विहिरीला पाणी आहे म्हणून." चौदा वर्षं मी हुं हुं करत ऐकलं.

मग पटवाऱ्यानं सांगितलं आणि माझ्या हातात एक गोष्ट आली जी तुझ्याकडे नव्हती. ती मला वापरायची नव्हती. नुसती जवळ ठेवायची होती. तू विहिरीचा तोरा मिरवलास की मी मनात म्हणायची, बोल ताई, बोल, विहीर माझी आहे. झाडांपेक्षा मला ते जास्त लागत होतं. सांगितलं असतं तर ते संपलं असतं. माझं असं हे मन आहे.

तुझी सही मागितली ती म्हणूनच. सही असती तर मोजणी झाली नसती, माझं लॉन झालं असतं, तुझी विहीर तुझ्याकडे राहिली असती आणि माझी गंमत माझ्याकडे.

काल मी ऑफिसात अर्ज दिला, की बाबांनी रोवलेले दगड हाच आम्हा बहिणींचा धुरा मानावा आणि विहिरीचा तुकडा सुचिताच्या नावानं करावा. १० मार्चला त्याची सुनावणी, पेशी आहे. तू आपत्ती ठेव की काढ, माझा अर्ज तसाच राहील.

मोटर सुरू कर. तुझ्या संत्र्यांवर आंबिया बहराचा फुलोरा आहे.

पूनम


पांढुर्णा, ३ मार्च २०२५

चि. पूनमला,

आशीर्वाद. या वेळी विचार न करता लिहिला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी केलं. परत येताना बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई बसली होती, तिनं दोनदा विचारलं, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, चौदा वर्षांपासून नाही. ती उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

तुझ्या अर्जाची बातमी सगळीकडे पसरली आहे. देवकाबाई म्हणाली, "पूनमबाईचं मन लई मोठं हाय, बाई. विहीर देऊन टाकली." दुकानात तिगावचा एक शेतकरी आला होता, त्यानंही हेच ऐकलेलं. म्हणजे रस्ता तुझा, विहीर तुझी, आणि आता मनही तुझंच मोठं. मला काहीतरी ठेवशील की नाही?

आठ दिवस मी यावर चडफडत होते. मग तुझं पत्र पुन्हा काढलं आणि ते वाक्य वाचलं, बोल ताई बोल, विहीर माझी आहे. पूनम, ते वाचून मला फार बरं वाटलं. खोटं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की या घरात जळणारी मी एकटी, आणि तू देवाघरून धुऊन आलेली. दोन वर्षं तू मनातल्या मनात मला हसत होतीस म्हटल्यावर माझ्या छातीवरचा दगड उतरला. शेवटी तूही आपल्याच घरची निघालीस.

पण ती झाडं वाळू द्यायला नको होती. मला शिवी दिली असतीस तरी चाललं असतं. मी पाणी दिलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. ‘विहीर माझी आहे’ म्हणून मागितलं असतंस तर नसतं दिलं, भांडले असते. पण झाडं मरताहेत असं सांगून मागितलं असतंस तर दिलं असतं. तू कधी मागितलंच नाहीस, आणि मी दसऱ्याला खुंटं पाहूनही विचारलं नाही. उलट घरी येऊन भाऊजींना म्हटलं, बरं झालं मी विहिरीकडचं घेतलं. हे तुला सांगायचं नव्हतं. सांगितलं.

आज आपत्ती मागे घेतली. सहमतीचा कागद सही करून सोबत पाठवते, पेशीच्या आधी फाइलला लाव. तुझा अर्ज मात्र तूही मागे घे. दिलेली विहीर मला नको. दिलेलं पाणी माझ्या घशाखाली उतरणार नाही, मागितलेलं उतरेल. म्हणून खालचा मजकूर. तुझ्या कागदावरूनच उतरवला आहे, भाषा चुकली असेल तर कुलदीपकडून दुरुस्त करून घे.

प्रति, श्रीमती पूनम पत्नी अनिल, सीमावर्ती भूमिस्वामी.
अर्जदार सुचिता पत्नी हेमराज हिला तुमच्या विहिरीतून आपल्या दोनशेदहा संत्र्याच्या झाडांना पाणी घ्यायचं आहे. बदल्यात लॉनला लागेल तेवढी सावली अर्जदाराच्या झाडांची. कोणाची आपत्ती असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. न कळवल्यास सहमती समजली जाईल.

उत्तर येईपर्यंत मोटरला हात लावणार नाही. दुसऱ्याच्या विहिरीवर बटन दाबायची मला सवय नाही.

सुचिता


सौंसर, ८ मार्च २०२५

ती. ताईस,

नमस्कार. तुझी नोटीस परवा मिळाली. खरं सांगते, ती वाचून मी ठरवलं होतं की पंधरा दिवस गप्प बसायचं. तू रोज पोस्टमनची वाट पाहशील, मी रोज एक दिवस मोजीन. एवढी गंमत मला मिळायला हवी असं वाटलं.

काल सकाळी शेतात गेले. देवकाबाई कोठ्याच्या उंबऱ्यावर बसून होती. म्हणाली, "बाई, तुमी दोघीजनी भांडून राहिल्या, अन् झाडं मरून राहिले." तुझ्या पहिल्या ओळीत गेले. पानं आत वळली आहेत. वाटाण्याएवढी फळं खाली पडली आहेत, पाय ठेवला की चुरचुर आवाज येतो. हा आवाज मी माझ्या शेतात ऐकलेला आहे. गेल्या उन्हाळ्यात.

मला तिथे उभं राहवलं नाही. कोठ्यात गेले आणि हिरवं बटन दाबलं. पाणी पाटात यायला थोडा वेळ लागतो, हे मला माहीत नव्हतं. आधी पाइपात हवा खोकते, मग येतं. चौदा वर्षं धुऱ्याच्या या बाजूनं मी तो आवाज ऐकला होता आणि दर वेळी मनातून जळले होते. जवळून ऐकला तेव्हा नुसतं पाणीच होतं.

संध्याकाळपर्यंत पाणी दिलं, सहा ओळी झाल्या. बाकीच्या आज देते. काही फळं गेली ताई, सगळी नाहीत. अर्ज मागे घेतला आहे. विहीर माझी, पाणी आपलं, असं कुठल्या रकान्यात लिहायचं ते बाबूला ठाऊक नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.

कुदळ पुढच्या रविवारी मारायची आहे. पहिली धुरेकऱ्याच्या हातची असते. कुलदीप गाडी घेऊन येईल, पण तू बसनं येणार असशील तर लोधीखेड्याच्या फाट्यावरून ये. गेट अजून लागलेलं नाही. लागलं की नाव वाचून तुला पुन्हा जेवण जाणार नाही, म्हणून त्याआधी येऊन जा. नारळ तूच आण. मोठा आण, या वेळी तरी मला उरलेला नको.

तुझ्या नोटिशीचं उत्तर रीतसर देते, फाइलला लाव:

आपत्ती नाही.

पूनम पत्नी अनिल,
सीमावर्ती भूमिस्वामी